धाबं, स्लॅब आणि ठिपके

मे महिन्यात वरणगावला गेलो की घरात एक वाद ठरलेला. मागची खोली जुनी, धाब्याची: मातीच्या भिंती, वर लाकडं, त्यांवर मातीचा जाड थर. पुढच्या खोल्यांवर स्लॅब. नानांचं म्हणणं, धाब्याखाली पंख्यावाचून झोप लागते. मी म्हणायचो, सवयीचा भास. यंदा म्हटलं, मोजूनच टाकू.

मागच्या खोलीत आणि पुढच्या एका खोलीत डीएस१८बी२० जातीचा तापमानाचा एकेक सेन्सर टांगला आणि त्यांच्या वायरी माळ्यावरच्या रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाला जोडल्या. त्याला ना स्क्रीन, ना माउस. लॅपटॉपवरून आत शिरायचं, की समोर टर्मिनलची काळी खिडकी. आलेखही तिथंच, अक्षरांतच काढायचा. ऐंशी अक्षरं रुंद, चोवीस ओळी उंच. सगळा मिळून दोन हजार अक्षरांच्या आत. रेंज रडतखडत असली तरी एवढं येऊन पोचतं.

त्यासाठी आधी ग्नूप्लॉट हा प्रोग्राम घेतला. हा १९८६ पासूनचा. नावात ग्नू असला तरी ग्नू प्रकल्पाशी त्याचं नातं नाही. टर्मिनल ‘डम्ब’ आहे असं सांगितलं, की बापडा साध्या चिन्हांनी रेषा काढतो. ३२ ते ४४ अंश वीस ओळींत बसवले. म्हणजे एका ओळीला ०.६ अंश. स्लॅबची रेषा दुपारभर चढली, संध्याकाळी माथ्यावर पोचली आणि मध्यरात्रीपर्यंत खाली यायचं नाव नाही. धाब्याची जवळजवळ सपाट.

मग हौस म्हणून पायथनमधलं प्लॉटेक्स्ट. त्यात ब्रेल चिन्हं वापरता येतात. युनिकोडमध्ये आठ ठिपक्यांची २५६ ब्रेल चिन्हं आहेत. एका अक्षराच्या जागेत दोन आडवे, चार उभे ठिपके मावतात. एका ठिपक्याला ०.१५ अंश! रेषा केसासारखी बारीक झाली. धाब्याच्या सपाट रेषेत नाजूक लाटा दिसू लागल्या. मी त्या नानांना कौतुकानं दाखवल्या. ते आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, त्यांनी एवढंच विचारलं, “तुझा सेन्सर किती चुकतो?”

अर्ध्या अंशापर्यंत, इकडे किंवा तिकडे. म्हणजे त्या लाटा खोलीच्या असतील किंवा सेन्सरच्या. सांगता येत नव्हतं. शिवाय माझ्या मोबाइलच्या टर्मिनलमध्ये ब्रेलच्या जागी नुसते चौकोन उमटत होते. मी मुकाट्यानं ग्नूप्लॉटवर परतलो.

आईला आलेख नको होता. तिला स्वयंपाकघरात आकडे हवे होते. एक इंचाचा ओएलईडी डिस्प्ले लावला, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा. ‘टॉम थम्ब’ नावाचा फाँट आहे, तीन ठिपके रुंद, पाच उंच; मोकळी जागा धरून त्यात दहा ओळी, प्रत्येकीत बत्तीस अक्षरं. पण ‘धाबं’ लिहायला गेलो तर पाचातली एक ओळ शिरोरेघेनं खाल्ली, अनुस्वाराला वर जागाच उरली नाही. आकड्यांना मात्र शिरोरेघ नसते, मात्रा नसते. मग देवनागरी आकडे तेवढ्याच जागेत मीच बसवले.

आईनं गॅसजवळून डोळे बारीक केले. “मले तं एकतीस दिसते. मे महिन्यात स्लॅबखाली एकतीस? येडा झाला का तू?”

होते ३९. पंधरा ठिपक्यांत माझा नऊ एकासारखाच झाला होता. आईनं रांगोळीची चौकटीची वही काढली, पाच रुंद, सात उंच असा ठिपक्यांचा नऊ काढला आणि त्याची गाठ नीट उघडी ठेवली. तो मी चौपट केला: वीस बाय अठ्ठावीस. वर स्लॅब, खाली धाबं, दोन-दोन आकडे. बाकी सगळं काढून टाकलं.

आलेखात मला ठिपके जास्त झाले होते, आकड्यात कमी पडले होते.

त्या रात्री दहाला आईनं गॅसजवळूनच वाचून दाखवलं: वर ३८, खाली ३४. नाना काही बोलले नाहीत. मीही नाही. माझी गादी उचलली आणि मागच्या खोलीत नेऊन टाकली.