माळावरचा भोवत्या आणि गायरानातलं गवत

ज्वारी काढणीला आलीय, हरभऱ्याचे घाटे वाळायला लागलेत, दुपारचं ऊन चटकायला लागलंय. थंडी सरली की माळावरचे पाहुणेही निघायच्या तयारीला लागतात. आज त्यातल्या एकाबद्दल लिहितो, भोवत्याबद्दल.

पक्षी बघणारे याला हॅरियर म्हणतात. आपल्याकडं बरेच जण घारच समजतात. फरक सोपा आहे. घार उंच घिरट्या घालते. भोवत्या ज्वारीच्या कणसांवरून, गवताच्या शेंड्यांवरून, पंख थोडे वर उचलून तरंगत जातो आणि मध्येच खाली झेपावतो. उंदीर, सरडे, लहान पक्षी आणि नाकतोडे हे त्याचं खाणं. कझाकस्तान, रशियाकडच्या गवताळ मुलखातून हे पक्षी सप्टेंबर-ऑक्टोबरात येतात आणि मार्च-एप्रिलात परत जातात.

आमच्या सोलापूरकडं मुख्यतः दोन जाती दिसतात, माँटेग्यूचा भोवत्या आणि पांढुरका भोवत्या. दोन्हींच्या माद्या तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. उडताना त्यांच्यात फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. नर मात्र ओळखू येतो. माँटेग्यूच्या नराच्या राखाडी पंखावर काळी रेघ असते. पांढुरका नर लांबून पांढराच वाटतो, पंखाच्या टोकाला तेवढी काळी पाचर. हा पांढुरका नर बघायचाच म्हणून फेब्रुवारीत चार संध्याकाळी गायरानात गेलो. वहीतल्या नोंदी अशा:

८ फेब्रुवारी. संध्याकाळी साडेपाच ते सात. भोवत्ये २३. पांढुरका नर नाही.

११ फेब्रुवारी. वारा जोरात. भोवत्ये १७. नर दोन, दोन्ही माँटेग्यूचे.

१५ फेब्रुवारी. भोवत्ये २६. एक फिक्कट नर अंधार पडता पडता आला आणि सरळ गवतात उतरला. पंखाचं टोक दिसलं नाही. ओळख पटली नाही, तसंच लिहिलं.

१९ फेब्रुवारी. भोवत्ये २४. तो फिक्कट नर आला नाही.

गावातले एक मेंढपाळ आबा रोज तिथंच असतात. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं, "काय बापू, घावली का तुमची ढवळी घार?" मी नाही म्हणालो. तर म्हणाले, "मग जरा घाई करा. पुढच्या आठवड्यात गायरान पेटवायचं ठरलंय."

इथं मला पांढुरका नर बाजूला ठेवावा लागला. भोवत्या झाडावर झोपत नाही. तो उंच गवतात जमिनीवर झोपतो, तोही एकटा नाही, आजूबाजूच्या शिवारातले सगळे एकाच जागी जमतात. दिवसा दहा गावच्या रानात पांगलेले पक्षी रात्री दोन-चार एकर गवतात असतात. तेवढा तुकडा जळाला तर निघायच्या तोंडावर सगळ्यांचाच आसरा जातो.

आबांचंही खोटं नव्हतं. कुसळी गवताची कुसळं मेंढ्यांच्या लोकरीत रुततात, कातडीला टोचतात. वाळलेलं गवत मेंढरं तोंडात धरत नाहीत. मी त्यांना सकाळी, पक्षी उठून गेल्यावर, झोपायच्या जागेवर नेलं. भोवत्या न पचलेलं खाणं गोळी करून ओकतो. अशा चार गोळ्या फोडल्या. उंदराचे केस, बारीक हाडं आणि बाकी सगळे नाकतोड्यांचे पाय आणि डोकी. आबा बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "हे आमच्याच चाऱ्यावरचं खातंय की."

भोवत्यामुळं फवारणी वाचते असं मी म्हणणार नाही, तेवढा हिशेब माझ्याकडं नाही. पण तो फुकट राबतोय, हे खरं.

ग्रामपंचायतीत बोलणं झालं. सगळं गायरान राखायला लोक तयार नव्हते. शेवटी ओढ्याकडची साधारण तीन एकरांची पट्टी मार्चअखेरपर्यंत ठेवायची आणि तिच्याभोवती गवत कापून जाळपट्टा काढायचा, असं ठरलं. २६ तारखेला बाकीचं पेटवलं. २७ ला त्या पट्टीत १४ भोवत्ये उतरले. २४ वरून १४. उरलेले कुठं गेले, कळायला मार्ग नाही.

गुजरातेतलं वेळावदर भोवत्यांच्या मोठ्या रातथाऱ्यासाठी जगभर ओळखलं जातं. आपलं गायरान त्यापुढं काहीच नाही. पण वाटेतले असे लहान तुकडे गेले तर पक्ष्यानं रात्र कुठं काढायची?

तुमच्या गावात गायरान किंवा पडीक माळ असेल तर एवढं करा. सूर्य मावळायच्या आधी तासभर लांब बांधावर बसा, गवतात शिरू नका. किती उतरले ते मोजा, शून्य असेल तरी लिहा. पर्जन्यमापकात पाऊस नसला तरी आपण शून्य मांडतोच ना. आणि पेटवायचंच असेल तर एप्रिलपर्यंत थांबा. नाहीतरी गवताला खरा फुटवा पावसावरच येतो.

जागेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गाड्या घेऊन गर्दी झाली तर उरलेले १४ सुद्धा उठतील. तुमच्याकडचा आकडा मात्र जरूर कळवा.