खजूर रोडवरचं बिऱ्हाड

दिल्ली बघायला गेलेल्या मराठी कुटुंबाचा मुक्काम पुष्कळदा करोल बागेत पडतो. अजमल खान रोडवर खरेदी होते, पिशव्या सावरत मंडळी हॉटेलवर परततात. खजूर रोडकडे मात्र सहसा कुणी वळत नाही. तिथल्या १६/३३० क्रमांकाच्या जुन्या बंगल्यात ‘इंडियन ओशन’ या बँडची तालीम चालायची.

गिटारवादक सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये हा बँड उभारला. पुढे राहुल राम आले. नर्मदा आंदोलनातून येताना ते ‘मा रेवा’ हे गाणं सोबत घेऊन आले. १९९४ मध्ये ड्रम्सवर अमित किलम बसले आणि चौघांचा संसार पंधरा वर्षं चालला. आजकाल सख्खे भाऊही एवढे एकत्र राहत नाहीत!

डिसेंबर २००९ मध्ये असीम गेले. त्यांच्या आवाजातली शिल्लक गाणी २०१० पासून महिन्याला एक अशी रसिकांना फुकट दिली गेली. अल्बमचं नाव? घराचाच पत्ता.

२०१३ मध्ये सुस्मितही वेगळे झाले. ‘सुस्मित सेन क्रॉनिकल्स’ ही त्यांची नवी चूल. बँड उभारणाऱ्या दोघांपैकी आता कुणीच उरलं नव्हतं. नाव सांभाळलं ते मागून आलेल्या राहुल आणि अमित यांनी. सुस्मित यांच्या जागी गिटार घेतली निखिल राव यांनी. श्रोत्यांची फर्माईश मात्र अजूनही जुन्या ‘कंदिसा’चीच असते.