नाडीवरची नाडी

मराठीत ‘नाडी’ या एकाच शब्दात दोन अर्थ नांदतात: एक आवळून बांधण्याचा दोर आणि दुसरी, वैद्य बोट ठेवून जिचे ठोके मोजतो ती रक्तवाहिनी. धावण्याच्या बुटात हे दोन्ही अर्थ एकमेकांवर येऊन विसावतात; कारण पावलाच्या उंचवट्यावर, अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या हाडांमधून, कातडीच्या अगदी खालून जी रक्तवाहिनी जाते आणि जिथे डॉक्टर पायाची नाडी चाचपतात, त्याच भागावरून बुटाची लेस फुलीफुलीने ओढली जाते. तिथूनच बोटे वर उचलणाऱ्या कंडराही, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्याही, जातात.

आर्मेनियातील आरेनी गुहेत २००८ साली सापडलेला, इ.स.पू. ३५००च्या सुमारास गाईच्या कातड्याच्या एकाच तुकड्यातून घडवलेला जोडाही कातडी वादी ओवूनच बांधलेला होता. आजचा बूट मात्र कलबुतावर, म्हणजे पावलाच्या आकाराच्या ठोकळ्यावर, असंख्य अनोळखी पावलांसाठी एकाच मापाने घडतो, आणि कलबूत व जिवंत पाऊल यांच्यात उरलेले अंतर भरून काढण्याचे काम लेसवर येऊन पडते.

हे काम प्रत्येक पावलासाठी निराळे असते. ज्याच्या पावलाचा उंचवटा दुखतो त्याने नेमक्या त्या जागी फुली न घालता लेस दोन्ही कडांनी सरळ वर न्यावी, म्हणजे मध्ये एक मोकळी खिडकी राहते. ज्याचा चवडा रुंद आहे त्याने बोटांकडच्या पहिल्या ओळी सैल ठेवाव्यात. टाच सुटत असेल तर उपाय सर्वांत वरच्या, बहुधा रिकाम्याच राहणाऱ्या छिद्रात असतो: लेस पलीकडे न नेता त्याच बाजूच्या त्या छिद्रात ओवून छोटी कडी ठेवायची आणि प्रत्येक टोक समोरच्या कडीतून काढून ओढायचे, की चवडा न आवळता टाच मागे घट्ट बसते. यवतेश्वरचा घाट चढून त्याच वाटेने उतरणाऱ्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीत या कडीचे मोल उतारावर कळते. कारण तिथे पाऊल पुढे घसरून नखे बुटाच्या टोकावर आपटू लागतात.

उरते ती गाठ. सुरगाठ एका ओढीने सुटावी अशीच बांधलेली असते, पण धावताना ती आपसूक का सुटते याचा उलगडा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील अभियंत्यांनी २०१७ साली केला: पाऊल जमिनीवर आपटताना गाठ ताणली जाऊन सैल पडते आणि हेलकावणारी मोकळी टोके तिला हळूहळू उसवतात. त्यांच्याच प्रयोगांत असेही दिसले की पहिली अढी आणि वरचा फुलोरा एकाच दिशेने गुंडाळले तर गाठ लवकर सुटते, आणि उलट दिशांनी गुंडाळले तर ती अधिक टिकते. याची खूण बांधणाऱ्याला डोळ्यांनीच कळते: कच्च्या गाठीचा फुलोरा टाचेकडून बोटांकडे उभा वळतो, पक्क्या गाठीचा बुटावर आडवा पसरतो.

धावता धावता पाऊल तापते, किंचित सुजते, आणि सकाळी नीट बसलेली लेस तासाभराने दाबू लागते. तेव्हा थांबून ती एक घर सैल करणे यात वेळेचा अपव्यय नाही. म्हणून बूट घालणाऱ्याने टाच मागे टेकवावी, बोटांकडून वर एकेक ओळ ताणत यावे आणि शेवटी गाठीखाली एक बोट सरकते का ते पाहावे. बोट सरकले नाही, तर लेस पुन्हा बांधावी. कारण तिच्याखाली दुसरी नाडी चालू आहे.