मृत माणूस उलटतपासणी घेत नाही

हिवाळ्यात वरच्या पोस्टवर सगळ्यांचा जीव बुखारीत असतो. बुखारी म्हणजे रॉकेलवर चालणारी लोखंडी शेगडी, वर पत्र्याचं धुराडं. उणे वीसमध्ये ज्यांनी रात्री काढल्या त्यांना तिचं कौतुक सांगायला नको. तिच्याभोवती जेवण होतं, मोजे वाळतात, घरची पत्रं वाचली जातात.

धुराडं काजळीने किंवा बर्फाने तुंबलं आणि थंडी नको म्हणून झरोका पोत्याने बुजवला, की रॉकेल अर्धवट जळतं आणि खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग, ना वास. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. वर हवा मुळातच विरळ. डोकं दुखतं, मळमळतं. गडी समजतो उंचीचा त्रास आहे, गोळी घेतो आणि पुन्हा त्याच खोलीत झोपतो.

काही वर्षांपूर्वी अशा एका मृत्यूच्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मी मेंबर होतो. जागा आणि युनिट सांगत नाही. बंकरमध्ये दोघे झोपले होते, एक वाचला. फाइलमध्ये स्टँडिंग ऑर्डर होती: झोपण्यापूर्वी बुखारी बंद करावी, झरोका उघडा ठेवावा. खाली सगळ्यांच्या सह्या, गेलेल्या जवानाचीही. आदेश होता, तो त्याने मोडला, विषय संपला. तयार मसुद्याचा सूर असाच होता.

आर्मी रूल १८० सांगतो की चौकशीत एखाद्याच्या चारित्र्याला किंवा सैनिकी लौकिकाला बाध येत असेल, तर त्याला पूर्ण वेळ हजर राहण्याची, निवेदन देण्याची आणि साक्षीदारांची उलटतपासणी घेण्याची संधी दिलीच पाहिजे. इथे ज्याच्यावर ठपका येत होता तो लाकडी पेटीतून गावी गेला होता. मग त्याच्या वतीने प्रश्न आम्हीच विचारायचे ठरवलं. धुराडं शेवटचं कधी साफ केलं? ब्रश कुठे आहे? रात्री बुखारी बंद झाली की नाही हे कोण बघतं? एका हवालदाराने खाली मान घालून सांगितलं, "साब, कागज़ में तो रोज़ बंद होती है।" ड्यूटी रोस्टरमध्ये संत्रीचं नाव होतं. बुखारीपुढे कोणाचंच नव्हतं.

त्या थंडीत पहाटेपर्यंत बुखारी बंद ठेवा म्हणायचं आणि पुरेशी ऊब द्यायची नाही, तर तो आदेश माणसापेक्षा सही करणाऱ्याला जास्त वाचवतो. माझं हे मत सगळ्यांना पटलं नव्हतं.

प्रश्न फक्त बोलणी कोणी खायची एवढाच नव्हता. मृत्यू सेवेमुळे झाला असं मानलं तर पत्नीला विशेष कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, नाही तर साधं. दोन्हींतला फरक मुलांच्या शाळेत दिसतो. अखेर साफसफाई आणि रात्रीची तपासणी यांची जबाबदारी वरपर्यंत नोंदवली गेली.

नागरी कायद्यातही गाठ साधारण तीच. निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं हा पूर्वी ३०४ अ खाली गुन्हा होता, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली ती पाच वर्षांपर्यंत आहे. पण जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने, डॉक्टरांच्या संदर्भात, फौजदारी दोषासाठी निष्काळजीपणा ढोबळ असावा लागतो असं म्हटलं. नुकसानभरपाईसाठी त्याहून कमी पुरतो.

पुण्यातला एक कोर्समेट भाड्याच्या फ्लॅटमधल्या गॅस गीझरबद्दल विचारत होता. बंद बाथरूम, खिडकी जाम, आत गीझर: म्हणजे बुखारीच, फक्त टाइल्स लावलेली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादक, विक्रेता आणि बसवून देणारा यांच्यावर दावा होऊ शकतो. घरमालकाचं उत्तर तथ्यांवर अवलंबून. त्याला म्हटलं, वकिलाआधी मेकॅनिक बोलाव, गीझर बाथरूमबाहेर काढ.

माझ्या किटमध्ये आता सीओ अलार्म असतो. थंडीत त्याचे सेल लवकर उतरतात, म्हणून जादा जोडी स्लीपिंग बॅगमध्ये, अंगाजवळ ठेवतो.