ओढ्याला काय म्हणायचे?

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात माणसाला दोन भाषा असतात. एक घरातली, एक कचेरीतली. १९५६ साली विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. तेव्हापासून हे दुहेरीपण आमच्या अंगवळणी पडले आहे. त्याचे आम्हांला दुःख नाही. दोन भाषा येणे ही श्रीमंतीच आहे. मात्र एखादा शब्द एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना वाटेत काही सांडतो, आणि जे सांडते ते कधी कधी फार मोलाचे असते.

आमच्या शाळेमागून एक ओढा वाहतो. श्रावणात दुथडी भरलेला, फाल्गुनात डबक्या-डबक्यांचा, वैशाखात कोरडा ठाक. काठावर करंज, जांभूळ आणि दोन जुने उंबर आहेत. नदीखोऱ्याचा धडा मी पुस्तक मिटून याच काठावर शिकवतो. या ओढ्याचे पाणी जामेला मिळते, जाम कन्हानला मिळते, आणि नागपूरच्या पाणीपुरवठ्याचा एक हिस्सा कन्हानमधून उचलला जातो. मुलांना हे फार आवडते. मामाच्या घरी नागपूरला गेले की नळ सोडून ती सांगतात, "हे आमच्या ओढ्याचं पाणी!"

या ओढ्याचा काठ राखावा, झाडे लावावीत, कचरा टाकणे थांबवावे, यासाठी सरकारी अनुदान मिळते का, हे पाहायला मी एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी तो नीट वाचला आणि शांतपणे म्हणाले, "गुरुजी, ये तो नाला है। नाले का पैसा पक्की नाली के मद में आएगा।"

त्यांच्यापुढच्या यादीत नदी होती, तलाव होता, विहीर होती, बावडीही होती. ओढा नव्हता. आता पक्की नाली म्हणजे काय? दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती आणि तळाला फरशी. पावसाचे पाणी धावत निघून जाते, जमिनीत मुरत नाही. झाडांची मुळे तुटतात. दोन वर्षांत लोक त्याला गटार समजू लागतात आणि मग ते खरोखरच गटार होते. घरच्या भाषेत जो ओढा जिवंत होता, तो कचेरीच्या एका शब्दाने मेला असता. मी अर्ज परत घेतला.

पैसाच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी वनीकरण, पर्यावरणाचे रक्षण आणि उद्याने हे विषय नगरपालिकांकडे सोपवण्यासाठी नोंदवलेले आहेत. २०१५ ची 'अमृत' योजना पाचशे मोठ्या शहरांसाठी होती. आमच्यासारखी गावे तिच्यात बसत नव्हती. १ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झालेल्या 'अमृत २.०'ने लहान नगरांनाही आत घेतले आणि जलस्रोतांचे पुनरुज्जीवन हा तिचा एक भाग केला. २०२४ साली मध्य प्रदेशात जलगंगा संवर्धन अभियान सुरू झाले. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाल्याने कचेरीही उंबरठ्यावर आली. दार आहे. प्रश्न आहे तो आपण दारात उभे राहून काय मागतो याचा.

माझ्या मते मागण्यासारखी मुख्य गोष्ट एकच आहे, ती म्हणजे देखभाल. शाळांमधून इको क्लब सुरू झाले तेव्हापासून मी मुलांबरोबर रोपे लावत आलो आहे. रोपांना पैसा मिळतो, खड्ड्यांना मिळतो, फलकाला तर हमखास मिळतो. ३१ मार्चला हिशेब बंद होतो आणि झाडाची खरी परीक्षा १ एप्रिलला सुरू होते. आमच्या ओढ्याकाठी जी रोपे जगली, ती शेजारच्या संत्र्याच्या बगिच्यातल्या शेतकऱ्याने उन्हाळाभर आपल्या मोटरचे पाणी दिले म्हणून जगली.

हे शहाणपण सरकारला अगदीच अपरिचित आहे असे नाही. १९९५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या पाणलोट विकासाच्या मार्गदर्शक सूचनांत लोकवर्गणीतून देखभाल निधी उभारण्याची तरतूद होती. खासगी जमिनीवरील कामाला खर्चाच्या दहा टक्के, सामाईक जमिनीवर पाच टक्के. रक्कम लहान, पण विचार मोठा. काम संपल्यावर त्याचा वाली कोण, हे आधीच ठरवायचे. ओढ्याच्या प्रत्येक अर्जात हे कलम आपण स्वतःहून घालायला हवे: पुढचे तीन उन्हाळे पाणी कोण देणार, कुंपण कोण राखणार, आणि त्यासाठी रक्कम किती.

उशीर केला तर काय होते, ते नागपूरला जाऊन पाहावे. नाग नदीही पुढे कन्हानलाच मिळते, म्हणजे आमच्या जामेची ती चुलत बहीण. तिला शहराने इतकी वर्षे नाला म्हटले की अखेर तिच्यातले सांडपाणी रोखण्यासाठी २०२२ मध्ये सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर करावा लागला. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तिच्या पुराने दाखवून दिले की नदी आपली जागा विसरत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जामेच्या पात्रात पळसाचे झाड रोवून गोटमार होते. त्या दिवशी सांडणाऱ्या रक्ताबद्दल माझे मत अनेकांना ठाऊक आहे, ते इथे उगाळत नाही. मात्र झाड कुणी आणायचे, कुठे रोवायचे, शेवटी चंडीमातेच्या देवळात कसे न्यायचे, हे सारे पिढ्यानुपिढ्या अनुदानाविना चालत आले आहे. एका दिवसाच्या झाडाचा एवढा चोख बंदोबस्त ठेवणाऱ्या गावाला काठावरची पाच-पन्नास झाडे जगवणे जड का जावे?

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत नववीच्या मुलांना मी एक गृहपाठ दिला आहे. ओढा पायी चालून जायचा, काठावरचे प्रत्येक झाड मोजायचे, आणि घरातल्या आजी-आजोबांना विचारायचे की या ओढ्याला पूर्वी काय म्हणत. सुटी संपल्यावर नवा अर्ज लिहायचा आहे. हिंदीतच लिहू, पण नाव आपले घालू.