आधी थांबते का ते बघ

सातारा मुक्कामी चि. मृणालला मामाचे अनेक आशीर्वाद.

जिन्याखालची चेतक स्कूटर बाहेर काढलीस हे वाचून इतका आनंद झाला की मामीला दोनदा वाचून दाखवलं. पण पुढे ‘सकाळपासून किक मारतेय’ हे वाचलं आणि जीव वरखाली झाला. अगं, आधी मला विचारायचं तरी होतंस! इतकी वर्षं उभ्या असलेल्या गाडीला पहिल्याच दिवशी किक मारायची नसते. सिलिंडर कोरडा पडलेला असतो, रिंगा धरलेल्या असतात. प्लग काढ, त्या भोकातून थोडं टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल सोड, रात्रभर राहू दे. सकाळी किक हाताने दाबून हळूहळू फिरव. अडली तर जोर करू नकोस.

आणि ‘टाकीतल्या जुन्या पेट्रोलवरच नवीन ओतते’ हे कुणी शिकवलं तुला? तुझे बाबा, आमचे भाऊजी, असते तर रागावले असते. त्यातलं पेट्रोल कधीच उडून गेलंय, तळाशी उरलाय चिकट गाळ. तो जेटमध्ये गेला की बसशील किक मारत. टाकी रिकामी कर, कॉक आणि कार्बोरेटर उघडून साफ कर, पेट्रोलचा पाइप नवा घाल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि त्या काळच्या रबराला मानवत नाही. लिटरला २० मिली टू-टी ऑइल मिसळ, आणि टाकीत थोडंच पेट्रोल ठेव.

चेतक १९७२ साली बाजारात आली. भाऊजींनी नंबर लावला तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं, आणि गाडी दारात आली तेव्हा तुझी ताई चालायला लागली होती. त्यांनी जपली ती उगाच नाही. तू चालू करावीस असं मलाही फार वाटतं.

पण मृणाल, इंजिन लागणं हे शेवटचं काम. आजवर ज्याने-त्याने मला ‘मामा, गाडी सुरू होईल ना?’ असंच विचारलंय, ती थांबेल का असं एकानेही विचारलं नाही. उभ्या गाडीत ब्रेकच्या केबल आतून गंजतात, लायनर कडक होतात, ड्रममधला कॅम जाम होतो. पुढचा ब्रेक तर नवीन असतानाही बेताचाच होता. तेव्हा आधी दोन्ही चाकं उतरव, शू बदल, केबल नव्या घाल. चाक खोलताना ट्यूबमधली हवा पूर्ण काढ, मगच रिमचे नट सोड. रिम दोन भागांची असते. हवा असताना नट सुटले तर ती उडून तोंडावर येते. हे काम एकटीने करूच नकोस.

आणखी एक. क्रँकचे ऑइल सील आता कडक झालेले असणार. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला की इंजिन हवा ओढतं, तापतं, आणि पिस्टन धरला की मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं. म्हणून पहिल्या दिवसांत क्लचवरची बोटं काढायची नाहीत. धरलं असं वाटताक्षणी क्लच दाब.

आणि तू म्हणतेस, पुढच्या रविवारी कासला! परतीला यवतेश्वरचा घाट उतरताना थ्रॉटल बंद असला की या इंजिनला पेट्रोल कमी मिळतं, आणि ऑइल पेट्रोलमधूनच येतं, म्हणजे तेही कमी. मधूनमधून थ्रॉटल द्यायचा आणि वेग ब्रेकने आवरायचा. तो ब्रेकच नसेल तर काय करशील? आईला हा बेत सांगितलास का? नसशील तर मी सांगणार नाही, पण रविवारही विसर. पहिला महिना कॉलनीतच फिरव.

आरसी आणि विम्याची मुदत बघ. टायरच्या कडेला चार आकडे असतात, शेवटचे दोन वर्षाचे. ते मला आजच कळव, आणि स्टेपनीचेही.

तुझा
मामा