एकाच्याच वाट्याला रंग

लग्नाच्या अल्बमात हल्ली एक पान हमखास असते. सगळा मांडव काळा-पांढरा आणि नवरीचा शालू तेवढा लालभडक! शेजारी नवरदेव नुकताच राखेतून उठून आल्यासारखा उभा. शेरवानीचे भाडे त्याने चोख भरलेले असते, पण रंग काही त्याच्या वाट्याला येत नाही. पुढच्या संसाराची ही नांदीच, असे अनुभवी लोक म्हणतात.

फोटोग्राफर याला 'सिलेक्टिव्ह कलर' म्हणतो आणि त्याचे वेगळे पैसे लावतो. मला मात्र त्यात काही नवीन वाटत नाही. आम्ही पडलो बँकेतली माणसे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत अजून जाडजूड लेजरे होती. सगळे पान निळ्या शाईचे. एखाद्याचे खाते उणे गेले की तेवढी शिल्लक लाल शाईने लिहायची. पानभर आकड्यांतला तो एकच आकडा साहेबांना लांबून दिसायचा. खातेदार एरवी कितीही सज्जन असो, त्या दिवसापुरता तो म्हणजे तो लाल आकडा. जिथे रंग तिथे डोळा. या कलेचे सारे शास्त्र एवढेच.

कृती मला भाच्याने समजावली. "मामा, एकदम सोप्पंय!" रंगीत फोटोची हुबेहूब प्रत काढून ती मूळ फोटोवर ठेवायची. वरच्या प्रतीतला रंग सगळा काढून टाकायचा. मग ती जिथे जिथे पुसू, तिथून खालचा रंग डोकावतो. पुसताना हात जरा घसरला, की शेजारच्या आत्याबाईंचे कोपर लाल होते, ते वेगळे. पण गंमत बघा, शालूला कोणी रंग दिलेलाच नसतो. बाकीच्यांचा काढून घेतलेला असतो! हे ऐकून मला आमच्या बँकेतली बढत्यांची यादी आठवली.

सिनेमावाल्यांनी ही युक्ती फार जपून वापरली. कुरोसावाचा १९६३ सालचा 'हाय अँड लो' सारा कृष्णधवल. मध्येच एका धुराड्यातून गुलाबी धूर निघतो. खंडणीची बॅग जाळल्याचा तो पुरावा. स्पीलबर्गच्या १९९३ सालच्या 'शिंडलर्स लिस्ट'मध्ये ज्यूंची धरपकड चालू असताना एक लहानगी लाल कोट घालून रस्त्याने चाललेली दिसते. पुढे तोच कोट प्रेतांच्या गाड्यावर दिसतो आणि घशात काहीतरी अडकते. हजारोंतली ती एक आपल्या ओळखीची झालेली असते, केवळ त्या रंगामुळे. रंग ठेवणे म्हणजे 'हिच्याकडे बघा' असे बजावणे. ते वाढदिवसाच्या केकवरच्या चेरीसाठी बजावावे का, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

जुन्या फोटोंची तऱ्हा मात्र उलटी. तिथे पुसून पुसून कागद फाटला तरी खाली रंग नाही. पूर्वी स्टुडिओत ब्रशने गालांवर गुलाबी आणि लुगड्यावर हिरवा रंग चढवत; आता संगणक चढवतो, पण अंदाजानेच. कारण राखाडी छटेत उजेड किती होता एवढीच नोंद राहते, रंग कोणता होता याची नाही. गडद लाल आणि गडद हिरवा तिथे सख्खे भाऊ! त्याहून जुन्या काळच्या काही काचांना तर लाल रंग दिसतच नसे. त्यामुळे कुंकूसुद्धा काळेकुट्ट उमटायचे.

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या आईवडिलांच्या लग्नाचा फोटो संगणकावर घेतला. वडील आता नाहीत, तेव्हा निर्णयाचा अधिकार आईकडे. अर्थात सूचना सगळ्यांच्या. बहीण म्हणाली, शालू रंगव. बायको म्हणाली, हिरवा चुडा. फोटोच्या कडेला आईचे वडील, अण्णा, लाडवांची परात धरून उभे होते. काळी टोपी, काळा कोट.

"पणजोबा काय रुबाबदार दिसतात काळ्या कोटात!" भाचा म्हणाला.

"काळा कुठला?" आई म्हणाली. "बाटलीसारखा हिरवा होता. उसना आणलेला. अंगाला ढगळ आणि रंगाने भलताच. कोणी हसेल म्हणून अण्णा दिवसभर सगळ्यांच्या मागे मागे राहिले. मग फोटो आला. तो बघून म्हणाले, 'अगं, काळा आलाय की! चारचौघांसारखा.' त्यानंतर घरी येईल त्याला तो फोटो दाखवायचे."

"मग आजी, तो कोटच हिरवा करू? सगळं काळं-पांढरं आणि मधे तेवढा हिरवा. भारी दिसेल!"

"खबरदार! पन्नास वर्षं काळा आहे, काळाच राहू दे."

कोणी काही बोलेना. भाचा माऊस धरून नुसता बसून राहिला. आईने चष्मा पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पडद्याजवळ जाऊन परातीवर बोट ठेवले.

"रंगवायचंच असेल ना, तर हे लाडू रंगव. चांगले पिवळेधमक कर. ते आमचे स्वतःचे होते."